गिरजाबाईचा मुराळी

आखाड सरत आला होता. गिरजाबाईच्या दारात जीप थांबली आणि तिच्यातून दोन गोरी माणसं उतरली, एक बाई आणि एक उंचच्या उंच बुवा. झुंबरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं ती तशीच बाहेर आली, डोळे भरून बघितलं आणि कुडापलीकडं ओरडली, "मनकर्णे! अगं ए मनकर्णे! आपल्या बाईला माहेरी न्यायला मुराळी आला गं!"

"काय बोलतीस, मेले?" शेजारची मनकर्णा म्हणाली. "गोऱ्या मानसात कुठला आलाय मुराळी?"

"का? त्यांना काय भाऊबंद नसत्यात व्हय? आभाळातनं पडत्यात का ती?"

तिकडं तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली. एरवी झुंबरबाईनं भाकरीसाठी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला असता. त्या दिवशी तिला वासही आला नाही.

गिरजाबाईचं खरं नाव गेर्डा. मुलूख डेन्मार्क. बहात्तरच्या दुष्काळात औषधपाणी करायला परदेशातून माणसं आली, त्यांच्यात ही नर्स होती. दुष्काळ सरला, बाकीची माणसं आपापल्या देशी गेली, ही मात्र मिरजगावजवळच्या या वाडीत राहिली ती राहिलीच. गेर्डा म्हणायला गावाची जीभ काही वळेना, म्हणून तिची गिरजा झाली. दवाखान्याच्या दोन खोल्या, मागं पडवी, चार शेळ्या आणि झुंबरबाई, एवढा तिचा संसार. मराठी ती शिकली बायाबापड्यांकडून. त्यामुळं तालुक्याचा साहेब आला की म्हणायची, "आवं सायेब, टेका की. लई घाई हाय का?" आणि साहेब खुर्चीतून पडायचा तेवढा बाकी राहायचा.

झुंबरबाई तिच्याकडं आली ती झाडलोट करायला. नवरा ऐन उमेदीत गेलेला, पोटी मूलबाळ नाही, दिरांनी घरातून काढलेली. झाडता झाडता ती स्वयंपाकाला लागली, मग पट्ट्या बांधायला शिकली, आणि पुढं पुढं तर अशी गत झाली, की बाईला ताप आला तर हिची भूक मरायची. गाव थट्टेनं म्हणायचं, ही नवराबायकोसारखी भांडतात आणि मायलेकीसारखी रुसतात. आई कोण नि लेक कोण, ते मात्र कुणाला सांगता यायचं नाही.

पण वरीस झालं, बाईचं काही खरं नव्हतं. तापाची गोळी देऊन माणूस ओटा उतरतोय तोवर त्याला परत हाक मारायची, "आरं, गोळी न्यायची ऱ्हायली की तुझी!" तेव्हापासून औषध देताना झुंबरबाई शेजारी उभी राहायला लागली. एकदा बाई ओढ्याकडं गेली आणि तिला घरची वाट सापडेना. झुंबरबाईनं शेळ्या वळवायच्या निमित्तानं तिला हाताला धरून आणलं आणि गावात सांगितलं, "बाई बांध बघाया गेल्या हुत्या." कुणापुढं तिनं बाईचं उणं म्हणून येऊ दिलं नाही. मनाशी मात्र तिनं निदान करून टाकलं होतं. माहेरची ओढ लागली की बाईमाणूस असंच सैरभैर होतं. एवढी वर्षं झाली, हिला न्यायला कधी कुत्रं फिरकलं नाही. जीव झुरणार नाही तर काय होईल?

झुंबरबाईला ते झुरणं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला तिचा भाऊ बन्सी तिला न्यायला आला होता. डोक्याला नवा पटका, हातात लाह्यांची पुरचुंडी. सासूनं त्याला दारातच पाणी दिलं आणि सांगितलं, "खुरपनी पडलीय. न्हाई धाडायची पोरीला." बन्सी खालच्या मानेनं निघून गेला. दिवाळीच्या आत आई गेली. शेवटी शेवटी ती दाराकडं बघत विचारायची म्हणे, झुंबर आली का? त्या दिवसापासून झुंबरबाईच्या मनात एकच गाठ बसली. दारात आलेला मुराळी रिकामा धाडू नये. वैऱ्याचा असला तरी धाडू नये.

तेव्हा मुराळ्याची बडदास्त कशी राहिली असेल, ते तुम्हीच समजा. आलेली बाई एल्सा, गिरजाबाईची नर्सिंग शिकतानाची मैत्रीण. बुवा तिचा नवरा पेडर. "भाऊ लागतो का तुमचा?" झुंबरबाईनं विचारलं. गिरजाबाई हसून म्हणाली, "भावावानीच की." झालं! झुंबरबाईला तेवढं पुरलं. पेडर मुराळी ठरला. बिचारा दर दारात चौकटीला कपाळ आपटून घ्यायचा. मनकर्णा म्हणाली, "कसा दरवाजा दिसला की कपाळ टेकतोय बघ. देवमानूस हाय."

हुलग्याचे शेंगोळे केले, तर एल्सा काट्यानं एकेक उचलून निरखत बसली. पेडरनं ठेचा खाल्ला, डोळ्यांतून धारा लागल्या आणि तरी त्यानं ताट पुढं केलं, त्यामुळं तो अख्ख्या वाडीचा लाडका झाला. त्यांनी आणलेलं चीज झुंबरबाईनं हुंगलं, नासलंय म्हणून शेळीपुढं टाकायला निघाली, तर गिरजाबाईनं झडप घालून ते हिसकावलं. "आगं भवाने, ते असंच असतंय!" मग भाकरीवर ठेवून खाल्लं आणि खाता खाता गप्प झाली.

गिरजाबाई पाहुण्यांना बांध दाखवायची, विहीर दाखवायची, जिचं बाळंतपण केलं तिचं लेकरू दाखवायची. पण सांगायची मराठीत. एल्सा नुसती बघत राहायची. झुंबरबाईला याचं हसू यायचं. ती म्हणायची, "बाई, आवं त्यांच्या भाषेत बोला की!" बाई चपापायची, दोन शब्द तिकडचे बोलायची, आणि परत गाडी मराठीवर. एल्सा आणि पेडर मग एकमेकांकडं बघायचे. त्या बघण्यात काय होतं, ते झुंबरबाईला कळलं नाही. कळायला पाहिजे होतं, असं ती पुढं कितीदा म्हणाली.

पंचमी दोन दिवसांवर आली, तेव्हा एल्सानं प्रज्ञाला बोलावून घेतलं. प्रज्ञा वाडीतल्याच उत्तमरावांची थोरली लेक. लहानपणी गिरजाबाईच्याच ओट्यावर इंग्रजी शिकली आणि आता मिरजगावला शाळेत शिकवायची. सगळे ओट्यावर बसले. गिरजाबाई कडेला सूप घेऊन शेंगा फोडत होती.

एल्सा इंग्रजीत बोलली. प्रज्ञानं सांगितलं, "मावशी, त्या विचारतायत, बाईंना आम्ही आमच्याबरोबर नेलं तर तुमची काही हरकत आहे का? तुम्हाला काय वाटतं, ते मोकळेपणानं सांगा."

आता यातली मेख ऐका. ती झुंबरबाईला कळायला पुढं वरीस जावं लागलं. बाईच्या डोक्याचा आजार बरा होणारा नाही, हे बाईला ठाऊक होतं. तिनंच पत्र धाडून मैत्रिणीला बोलावलं होतं. एल्सा म्हणाली होती, चल, आमच्याकडं अशा माणसांची सोय आहे, कायमची चल. बाईचा पाय निघेना. पण आपण राहिलो तर उद्या हगणंमुतणं झुंबरलाच काढावं लागेल, याची तिला धास्ती. शेवटी ती म्हणाली होती, झुंबरला विचारा. आजाराचं सांगू नका, कायमचं म्हणू नका. सांगितलंत तर ती दयेनं ठेवून घेईल. तसंच विचारा. ती आपणहून राहा म्हणाली, तर मी राहीन. प्रज्ञालाही यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

आणि झुंबरबाईनं काय करावं? तिच्या डोळ्यांपुढं बन्सीचा नवा पटका आला. ती पदर सावरून उठली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "हरकत? माझी गं कसली हरकत? लेकीला माहेरच्यांनी न्यायाचं, त्यात दुसऱ्याला काय इचारायचं? खुशाल न्या म्हनावं! हितलं काई आडत न्हाई. आमी बघू समदं."

बाईशिवाय घर खायला उठणार, हे तिला दिसत होतं. पण मुराळ्यापुढं रडायचं नसतं. त्याचा पाय अडखळतो.

प्रज्ञानं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. गिरजाबाईला सांगायची गरजच नव्हती. तिचे हात थांबले. मग ती परत शेंगा फोडायला लागली, आणि थोड्या वेळानं झुंबरबाईच्या ध्यानात आलं, की बाई दाणे खाली टाकतीय आणि टरफलं सुपात ठेवतीय.

"बाई, माहेरची लईच घाई झालीया जनू!" झुंबरबाई म्हणाली. सगळे हसले. गिरजाबाईपण हसली.

दुसऱ्या दिवशी कासार बोलावला. बायका गोळा झाल्या आणि त्यांनी बाईच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. तिचा हात रुंद, बांगडी काही चढेना. कासार म्हणाला, "मोठ्या हाडाची लेक हाय तुमची." झुंबरबाईनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, सगळं फडक्यात बांधलं. बाईनं एकच लहान पिशवी भरली. ते बघून झुंबरबाईला बरं वाटलं. एवढ्याशा पिशवीत काय राहणार ती, आठ-पंधरा दिवस? मग बाईनं दवाखान्याच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

"चार दिसासाठी किल्ल्या कशाला, बाई?"

"असू दे तुझ्यापशी," बाई म्हणाली. "मी हरवून टाकीन."

जीपमध्ये बसताना तिनं झुंबरबाईच्या तोंडावरून हात फिरवला. बांगड्या वाजल्या. "झुंबर, तुला काय म्हनायचं हाय का?" तिनं विचारलं.

झुंबरबाईच्या ओठाशी आलं होतं, लवकर या. पण लवकर या म्हणणं हा सासूचा शब्द. पुढं जेव्हा केव्हा माहेरी धाडलं, तेव्हा तिच्या सासूनं तो कधी चुकवला नव्हता. "न्हाई बा," झुंबरबाई म्हणाली. "मन भरस्तवर ऱ्हावा."

जीप गेली. झुंबरबाई घरात आली, दार लावून घेतलं आणि मग मात्र पोटभर रडली.

पंचमी झाली. पोळा झाला, गणपती उठले, दसरा गेला. झुंबरबाई रोज बाईची खाट झटकायची, दर सोमवारी दवाखाना सारवायची. कुणी विचारलं की म्हणायची, "येतील आता. लई वर्सांनी गेल्यात." दिवाळीला तिनं बाईच्या वाटणीचे लाडू डब्यात घालून ठेवले, त्यांना जाळी धरली. मनकर्णा एकदा म्हणून गेली, "माहेर गोड लागलं आसंल तिला. आता कशाला येती ती?" झुंबरबाईनं तिला असं काही सुनावलं, की महिनाभर कुडापलीकडून आवाज आला नाही. पण रात्री तिलाही वाटायचंच. एकदा विचारलंसुद्धा नाही बाईनं, झुंबर मेली का जगली? एवढ्या वर्षांची हीच का माया?

पुढचा आखाड आला, तेव्हा स्टँडवरच्या एसटीडीवाल्या गोरक्षनाथानं निरोप धाडला. परदेशातून फोन आला होता, थोड्या वेळानं परत लागणार आहे, झुंबरबाईला नि प्रज्ञाला घेऊन या. झुंबरबाई धावतच गेली. चपला घरीच राहिल्या.

आधी प्रज्ञानं फोन घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. मग रिसीव्हरवर हात ठेवून तिनं सगळं सांगितलं. आजाराचं, कायमचं नेण्याचं, आणि त्या ओट्यावरच्या प्रश्नाचं. "मावशी, मलाही ठाऊक नव्हतं हो. एल्साबाई म्हणतात, गिरजाबाई आता त्यांच्या भाषेत बोलतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, असं सहसा होत नाही. नुसतं मराठी बोलतात, तिथं कुणाला कळत नाही. बांगड्या काढायला गेलं की मारायला उठतात. तुमचं नाव तेवढं त्यांना ओळखू येतं. म्हणून फोन केलाय, तुम्ही बोलाल का?"

झुंबरबाई भिंतीला टेकली. "म्हंजी म्या ऱ्हावा म्हनले असते तर..."

प्रज्ञानं रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"झुंबर?" तिकडून आवाज आला. तोच आवाज, तोच हेल. "आगं हायस कुठं तू? पंचमी आली. समद्यांचं मुराळी आलं आसतील. मला न्यायाला कुनीच कसं आलं न्हाई?"

"बाई," झुंबरबाई म्हणाली. "बाई, आवं तुमी माहेरीच हाय की."

"हे? हे कशाचं माहेर? हितं वळखीचं एक मानूस न्हाई. जेवलीस का म्हनून कुनी इचारत न्हाई. सासर हाय हे, झुंबर. तू धाड की गं कुनाला."

आपण बाईला माहेरी धाडलं नव्हतं. माहेरातून काढून दिलं होतं. झुंबरबाईला हे कळलं ते असं, स्टँडवर, चार परक्या माणसांदेखत. तिच्या सासूनं एक मुराळी रिकामा धाडला. हिनं तर स्वतःच्या हातानं लेक सासरी घातली होती, तीही तिला न विचारता, वर हसत हसत.

"धाडलाय, बाई," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? "आजच निघाला मुराळी. रडू नगा."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी फोन यायला लागला. झुंबरबाईला वाटलं होतं, बाई विसरून जाईल. बाई सगळं विसरायची. एल्सा कोण, सकाळ का संध्याकाळ, जेवली का उपाशी, काही आठवायचं नाही. पण हे एक ती विसरली नाही. "निघाला म्हनली हुतीस. आता कुठवर आला?"

"रुईछत्तीशीला आलाय, बाई."

पुढच्या बाजाराला, "रुईछत्तीशीच्या फुडं?"

"नगरला पोचला."

मग शिरूर झालं. मग पुणं झालं. झुंबरबाई जमेल तेवढं रेंगाळायची. गाडी बिघडली, पूल वाहून गेला, मुराळ्याला ताप आला. बाई सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. सावकाश येऊ दे. येतोय न्हवं?" पंचमी होऊन गेली. गौरी आल्या नि गेल्या. पासपोर्ट, विमान, तिकीट, प्रज्ञानं सगळीकडं विचारून बघितलं. एल्सानंही तिकडून धडपड केली. पण इकडं झुंबरबाईच्या जन्माचा दाखला नव्हता की कसला कागद नव्हता, आणि तिकडचे डॉक्टर बाईला आता हलवू नका म्हणत होते. म्हणजे मुराळी काही खरा निघायचा नव्हता.

एका बाजाराला झुंबरबाईनं मुराळ्याला मुंबईत पोचवलं. त्याच्यापुढची वाट तिला ठाऊक नव्हती. पुढच्या बाजाराला फोन यायच्या आधी तिनं गोरक्षनाथाला विचारलं, "आरं, मुंबईच्या फुडं काय लागतंय रं?"

"मुंबईच्या फुडं काय?" तो म्हणाला. "समिंदर."

फोन वाजला.

"झुंबर, मुंबईत आल्याला ना गं तो? मग आता कुठवर आला?"

झुंबरबाईनं तोंड उघडलं, पण खोटं काही बाहेर पडेना. "बाई," ती म्हणाली, "कुनी न्हाई निघालं. मुराळी न्हाई नि काई न्हाई. म्या लबाड बोलले तुमच्याशी. मला इचारलं हुतं त्यांनी, आन् म्या खुशाल न्या म्हनले. चुकलं माझं, बाई. म्या ऱ्हावा म्हनायला पायजे हुतं."

तिकडं नुसती खरखर. झुंबरबाईला वाटलं, फोन तुटला.

"मग आता म्हन की," गिरजाबाई म्हणाली.

"आता?"

"आता म्हन."

झुंबरबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. स्टँडवर एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, त्याच्याही वरचा तिचा आवाज लागला. "ऱ्हावा, बाई! जाऊ नगा. हितंच ऱ्हावा माझ्यापशी."

"बरं," गिरजाबाई म्हणाली. "न्हाई जात." तिच्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या. मग तिनं नेहमीच्या, घरातल्या आवाजात विचारलं, "शेळ्या आल्या का गं घरी?"

"आल्या, बाई. समद्या आल्या."

"मग भाकरी वाढायला घे. म्या आलेच हात धुऊन."